अभ्रकाचं ऊन

महाल, नागपूर
९ जुलै १९७३

ती. मामांना चंद्रभानचा नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, भाच्याला आज मामाची आठवण कशी झाली. काम पडलं म्हणून झाली, हे आधीच कबूल करतो.

आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक नाटक आहे आणि मला त्यात सोंग घ्यायचं आहे. तोंडाला पांढरा रंग, गालावर चमक, डोळ्यांत काजळ. अडचण अशी की दिव्यांसमोर उभं राहिलं की पाच मिनिटांत घाम फुटतो आणि सगळा रंग ओघळून गळ्यापर्यंत येतो. परवाच्या तालमीला मी आरशात पाहिलं, तर चुना लावलेल्या भिंतीवर पाऊस पडावा तसा दिसत होतो.

आई सांगते की आपल्याकडच्या तमाशात, खडी गंमतीत, तुम्ही आठ वर्षं नाच्या होतात. भर दुपारी, उघड्या मैदानात, लुगडं नेसून चार-चार तास नाचायचात आणि चेहऱ्यावरचा रंग तसूभर हलायचा नाही. गुडघा दुखावला म्हणून तुम्ही ते सोडलंत, असंही तीच म्हणाली. तर तो रंग कसा टिकवायचात, तेवढं सविस्तर लिहून पाठवा.

मी इथे मधुसूदनरावांच्या घरी वरच्या खोलीत सुखात आहे. बी. कॉम.चं शेवटचं वर्ष. बाबांना या नाटकाबद्दल लिहू नका. अभ्यास सोडून नाटकं करतो म्हणून रागावतील.

तुमचा भाचा,
चंद्रभान


हिवरा, ता. रामटेक
१७ जुलै १९७३

चि. चंद्रभान यास रुपरावमामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं बांधीवर आनून देल्लं. धानाचा रोवना चालू आहे, हात चिखलानं भरले होते. म्हनून खिशातच ठेवलं अन् घरी येऊन वाचलं. तुह्या मामीले बी वाचून दाखवलं. ती हासली अन् म्हने, बावीस वर्षांनी कोनी तरी विचारलं तुमाले.

आता नीट वाच. पहिले तोंड थंड्या पान्यानं धू. पुसू नोको, वाऱ्यावर वाळू दे. मंग खोबरेल तेलाचा हात लाव, पन इतका थोडा का बोट फिरवलं त बोटाले लागू नये. लोक इथीच चुकतात. भकाभका तेल थापतात अन् रंगाले नाव ठेवतात. तेलावर सफेदा कोरडाच लाव. घासू नोको, थापत जा. वरून ओलं फडकं दाब. वाळू दे. असं तीनदा कर. अर्धा घंटा लागते, घाई केली त फसशील.

बाजारातली चमकी घेऊ नोको. अभ्रक घे, खलात बारीक कर, डिंकाच्या पान्यात कालव. गालाच्या हाडावर लाव अन् भुवईच्या वर लाव. डोळ्याच्या खाली लावू नोको, मानूस रडून राहिला असं दिसते. रंग लावल्यावर घंटाभर हासायचं नाही अन् कोनाशी भांडायचं नाही.

सोंग कोनत्या देवाचं आहे ते तू लिहिलं नाही. पांढऱ्या रंगावरून मले महादेव वाटून राहिला. महादेव असला त काजळ कमी लाव.

गुडघा बरा आहे.

तुझा मामा,
रुपराव


महाल, नागपूर
१२ ऑगस्ट १९७३

ती. मामांना नमस्कार.

रंग टिकला. अडीच तास टिकला. वसंत म्हणून आमचा एक गिटार वाजवणारा आहे, त्याने माझ्या गालावर पाणी शिंपडून पाहिलं, तरी अभ्रक हललं नाही.

आता मला झोप लागत नाही, कारण मी तुम्हाला खोटं लिहिलं आणि तुम्ही खरं मानून इतकं मनापासून उत्तर दिलंत. मामा, नाटक नाही आणि महादेवही नाही. आमचा पाच जणांचा बँड आहे, त्याचं नाव ‘पीकॉक्स’. दोन गिटार, एक ड्रम, एक ऑर्गन, आणि मी गातो.

हे कसं झालं ते सांगतो. श्रीधर नावाचा एक जण पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेऊन परत आला. त्याच्या मावसभावाने विलायतेहून पाठवलेल्या तबकड्या त्याने आम्हाला ऐकवल्या आणि तिकडच्या मासिकांतले फोटो दाखवले. तिथे सध्या एक नवीनच प्रकार निघाला आहे. पुरुष गायक तोंडाला रंग लावतात, पापण्यांवर चमक लावतात, चंदेरी कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून हजारो लोकांसमोर गातात. कोणी त्यांना हाकलत नाही. उलट त्यांच्यासारखे कपडे घालून पोरं रांगा लावतात. ते फोटो पाहताना मला तुमची आठवण आली, हे मात्र खोटं नाही.

श्रीधर आमच्यावर सिनेमा काढतो आहे, एक तासाचा, ‘अभ्रक’ या नावाचा. गोष्ट एका खेड्यातल्या पोराची, जो शहरात येऊन असा झगमगीत गायक होतो. तो पोरगा मी. फिल्म काळी-पांढरीच आहे, पण श्रीधर म्हणतो, रंग नको, नुसती चमक पुरे. मधुसूदनरावांची मुलगी उत्तरा शिवणकाम शिकते. तिने मला चंदेरी सॅटिनचा कोट शिवून दिला आहे, खांद्यांवर मोरपिसांची झालर लावून. बुटांचे तळ चार बोटं उंच आहेत. पहिल्या दिवशी मी जिन्यावरून पडलो.

आधी आम्ही इंग्रजी गाणीच म्हणायचो. श्रीधर म्हणाला, ही गाणी तुमची वाटत नाहीत, तुझं काही असेल तर लिही. मी लिहिलं. सुरुवात अशी:

अंगावर माझ्या अभ्रकाचं ऊन,
आलो मी धानाच्या बांधीतून,
नाव विचारू नका, गाव विचारू नका,
पाहून घ्या मला डोळे भरून.

तुम्हाला हे कसं वाटतं ते लिहा. रागावला असाल तर तेही लिहा. बाबांना मात्र कळू देऊ नका.

चंद्रभान


हिवरा
२५ ऑगस्ट १९७३

चि. चंद्रभान, आशीर्वाद.

खोटं बोलल्याबद्दल तुले भेटल्यावर कान धरून विचारीन. ते राहू दे.

विलायतेत बी नाचे आहेत हे मले आजवर कोनी सांगतलंच नोतं. मी तुह्या मामीले म्हटलं, पाहा वं, साहेबाच्या देशात मानसं तोंड रंगवून नाचून राहिले अन् इथी लोक मलेच येडा म्हनत होते. दोन दिवस मी एकटाच हासत होतो.

गानं मी चार वेळा म्हनून पाहिलं. ‘गाव विचारू नका’ हे काहून लिहिलं? तुले गावाची लाज वाटते का लोकायची भीती वाटते? पन चाल धरते. डफावर बसन.

आता उंच बुटाचं. तू खाली पाहून चालत असशील म्हनून पडला. पायाले पाहू नोको, पाय आपलं काम जानतात. पाऊल टाचेवर नोको, आंगठ्यावर टाक. अन् मैदानात गेल्याबरोबर गायचं नाही. पहिले उभं राहायचं. सगळ्यात मागं जो उभा आहे त्याच्या डोळ्यात पाहायचं. समोरचे लोक तुझेच असतात, मागचा मानूस जिंकायचा असते. तो चूप झाला का मंगच तोंड उघडायचं. मंग दोन मिनिटं लागो का पाच.

चंपतरावाले, म्हनजे तुह्या बापाले, मी काही सांगनार नाही. पन तू सावध राह्य. तुह्या बापाचा या गोष्टीवर जो राग आहे तो आजचा नाही. त्याच्यापेक्षा जास्त मले विचारू नोको.

रुपराव


महाल, नागपूर
१९ ऑक्टोबर १९७३

ती. मामांना नमस्कार.

दोन महिने लिहिलं नाही, कारण सगळं छान चाललं होतं. आता तसं राहिलं नाही.

फुटाळ्याच्या काठावर आम्ही एका गाण्याचं शूटिंग केलं. बघायला गर्दी जमली. दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात माझा फोटो आला, चंदेरी कोट, काजळ, मोरपिसं आणि खाली पूर्ण नाव. आपल्या गावी, देवळीत, तो पेपर कोणी नेला ते कळलं नाही. मंगळवारी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे.

त्यांनी पेपर टेबलावर पसरला आणि विचारलं, “हे कोन आहे?”

“मी आहे, बाबा.”

“नीट पाहून सांग. याच्या ओठाले लाली आहे.”

“मीच आहे.”

ते खुर्चीवर बसले नाहीत. उत्तराने पाणी आणून ठेवलं, त्याला हात लावला नाही. मी सिनेमाचं सांगायला लागलो तर म्हणाले, “मले गोष्ट नोको सांगू. बावीस वर्षं झाले, तुह्या मामानं शब्द देल्ला अन् पाळला. मी म्हटलं सुटलो. अन् ते माह्याच घरातून निंघालं.”

“कोणता शब्द?” मी विचारलं.

“जाऊन त्यालेच विचार.” मग दाराशी जाऊन थांबले आणि पाठमोरेच बोलले. “दिवाळीले घरी ये. परत यायचं नाही. परीक्षा बाहेरून दे नाही त नोको देऊ. धान कापनीले मानसं कमी आहेत.”

मामा, ते ओरडले असते तर मी भांडलो असतो. ते ओरडले नाहीत.

सिनेमाचा शेवटचा प्रसंग उरला आहे. ९ डिसेंबरला, रविवारी दुपारी चार वाजता, धंतोलीजवळच्या सभागृहात खरे प्रेक्षक बसवून त्यांच्यासमोर मी गायचं आणि श्रीधर तेच टिपणार. मी त्याला सांगून टाकलं की माझं काही खरं नाही. त्याचा चेहरा उतरला. वसंतने गिटारवर कापड घातलं. मी आठ दिवस तालमीला गेलो नाही.

कोणता शब्द, ते आता लिहा. मी लहान नाही.

चंद्रभान


हिवरा
४ नोव्हेंबर १९७३

चि. चंद्रभान, आशीर्वाद.

दिवाळीले तू देवळीले गेला, पन परत जानार का नाही हे प्रयागले, तुह्या मायले, बी सांगतलं नाही, असं तिनं मले लिहून धाडलं. हे पत्र नागपूरच्या पत्त्यावर टाकून राहिलो. तुले भेटलं त तू परत गेला, असं मी समजीन.

गुडघ्याले कधीच काही झालं नोतं. ते मी तुह्या मायले सांगतलं होतं, तिच्या जिवाले लागू नये म्हनून.

सन एकावन. प्रयाग सतरा वर्षांची होती. चंपतरावाचं स्थळ आलं, घर चांगलं, मानूस चांगला. बोलनी झाली. त्या साली भाऊबीजेच्या जत्रेत, मंडईत, आमची खडी गंमत होती अन् चंपतराव ते पाहाले आला होता. मले ठाऊक नोतं. मी नाचलो, अन् त्या दिवशी मी जसा नाचलो तसा मी पुन्हा कधी नाचलो नाही, कारन ते शेवटचं होतं. दुसऱ्या दिवशी चंपतराव घरी आला अन् मले एकट्याले गोठ्याकडं नेलं. म्हने, “ज्याचा भाऊ लुगडं नेसून नाचते त्या घरची पोरगी मी करनार नाही. तुमी सोडत असाल त आजच कुंकू लावतो.” मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, सोडलं.

बस, इतकंच. प्रयागले आजवर ठाऊक नाही. चंपतरावानं तिले सुखात ठेवली, कधी हात उगारला नाही, आजारपनात पान्याचा तांब्या स्वतः धरला. म्हनून मी त्याले वाईट म्हननार नाही अन् तू बी म्हनू नोको.

पन एक गोष्ट मी तुले सांगतो जे मी मामीले बी सांगतली नाही. मंडईचे दिवस आले का मी दरसाल काही काम काढून दूरच्या शिवारात जातो. डफ ऐकू येऊ नये म्हनून. बावीस वर्षं जाऊन राहिलो. तू मामाचं उदाहरन पाहून चूप बसशील त माह्या थांबन्याचा काही उपयोग झाला नाही. मी बहिनीसाठी थांबलो. तू कोनासाठी थांबून राहिला ते मले सांग. तुह्या थांबन्यानं कोनाचं लगन होऊन राहिलं?

मी परवा देवळीले जाऊन आलो. चंपतरावाशी बोललो. त्यानं चहा पाजला, धानाचं विचारलं, अन् तुह्या नावावर उठून बैलाले पानी दाखवाले गेला. तो मानला नाही. तवा तुले मी हो म्हनून राहिलो, अन् त्याचा राग माह्यावर घेऊन राहिलो.

९ तारखेले दोन वाजता मी तिथी येतो. तुहं तोंड मी रंगवीन. मी मैदानात नाचनार नाही असा शब्द देल्ला होता. भाच्याचं तोंड रंगवनार नाही असा देल्ला नोता.

श्रीधरले सांग, कॅमेरा तयार ठेव.

रुपराव


महाल, नागपूर
१३ डिसेंबर १९७३

ती. मामांना नमस्कार.

रविवारी तुम्ही सातच्या बसने निघून गेलात. मी कपडे बदलून बाहेर येईपर्यंत तुमचा पत्ता नव्हता. बोलायचं राहिलं. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी पुन्हा तालमीला गेलो, हेही सांगायचं होतं. तुम्ही विंगेत उभे होतात, म्हणून मी कसा दिसलो ते तुम्हाला ठाऊक आहे. मला काय दिसलं ते मी सांगतो.

तुम्ही अर्धा तास माझ्या तोंडाला रंग लावत होतात. उत्तरा कोटाची बटणं लावत होती, ती मला नंतर म्हणाली, “तुझ्या मामांचे हात पाहिलेस? शेतकऱ्याचे नव्हते ते त्या वेळी.” मी पाहिले नव्हते. माझे डोळे मिटलेले होते.

सभागृह भरलं होतं. पण आमची एक चूक झाली. ‘सिनेमाचं शूटिंग, गाण्यांचा कार्यक्रम, प्रवेश मोफत’ एवढंच आम्ही पत्रकावर छापलं होतं. लोक हिंदी सिनेमातली गाणी ऐकायच्या तयारीने आले. पडदा उघडला, प्रकाश पडला, आणि त्यांना चंदेरी कोट घातलेला, ओठ रंगवलेला माणूस दिसला. सुरुवातीला हसू आलं. मग शिट्ट्या. मग डाव्या बाजूने आवाज आला, “बाई आहे का भाऊ?” मग तो सगळीकडून यायला लागला. कोणी तरी चुरगळलेलं पत्रक फेकलं, ते माझ्या बुटाला लागलं. वसंतने माझ्याकडे पाहिलं. सुरू करू का, असं तो डोळ्यांनी विचारत होता. मला वाटत होतं सुरू करावं, ड्रमच्या आवाजात हे सगळं बुडून जाईल. आणि दुसरं वाटत होतं पळावं.

तेव्हा विंगेतून तुमचा आवाज आला. मोठा नव्हता. “मागचा मानूस पाह्य.”

मी पाहिलं. सगळ्यात मागे दाराशी एक जाडसर माणूस भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. तो हसत नव्हता, ओरडतही नव्हता, निघायच्या बेतात होता. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. हात खाली, मान सरळ. श्रीधर नंतर म्हणाला, दोन मिनिटं आणि दहा सेकंद. कॅमेरा चालू होता म्हणून त्याला मोजता आलं. मला ती रोवण्याच्या दिवसाएवढी वाटली.

आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या. मग मधल्या. एक जण ओरडला, तर त्याच्या शेजाऱ्यानेच त्याला दाबलं. मी हललो नाही. शेवटी त्या जाड माणसाने हाताची घडी सोडली आणि भिंतीपासून दूर होऊन सरळ उभा राहिला.

मी ड्रम नाही, गिटार नाही, नुसत्या गळ्याने सुरू केलं. ‘अंगावर माझ्या अभ्रकाचं ऊन.’ आणि तिसऱ्या ओळीला माझं मन फिरलं. तुम्ही पत्रात विचारलं होतं ना, गाव विचारू नका हे काहून? मी म्हटलं, ‘नाव विचारा माझं, गाव विचारा.’ मग वसंत आला, मग ड्रम, आणि मी चार बोटं उंच बुटांवर आंगठ्यावर चालत पुढे गेलो. पायांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. शेवटी सगळं सभागृह उभं होतं. ज्या बाजूने ‘बाई आहे का’ आलं होतं, त्याच बाजूने आवाज आला, “नाव सांग भाऊ.” मी सांगितलं. चंद्रभान चंपतराव, देवळी, तालुका रामटेक. तेच गाणं तीनदा म्हणावं लागलं. श्रीधरची फिल्म दुसऱ्या वेळेलाच संपली होती. तिसऱ्यांदा तो कॅमेरा सोडून टाळ्या वाजवत होता.

परीक्षा इथूनच देईन. बाबांना मी स्वतः तसं लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तुम्ही न बोलता का गेलात?

चंद्रभान


हिवरा
२२ डिसेंबर १९७३

चि. चंद्रभान, आशीर्वाद.

मी न बोलता गेलो कारन माह्यासंगं एक मानूस होतं अन् त्याले जास्त रात व्हायच्या आत घरी पोचवनं होतं. तुही माय.

प्रयाग तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. चंपतरावाले तिनं रामटेकले देवदर्शनाले जाऊन येतो म्हनून सांगतलं. मी तिले आनलं नाही, तिनंच मले बसस्टँडवर गाठलं. म्हने, “दादा, तुमी जाऊन राहिले त मी बी येतो. पोट्टा माहा आहे.” तुले सांगू नोको म्हनली होती, पन आता सांगतो.

तिच्या मागं चार पोट्टे बसले होते, तेच सगळ्यात जास्त ओरडून राहिले होते. प्रयाग मागं वळली. मोठ्यानं नाही बोलली. म्हने, “बाबू, तो माहा लेक आहे. आवडलं नाही त उठून जा, पन ओरडू नोको.” ते चौघं असे चूप झाले का त्यातल्या एकानं तिले आपलं सरबत देल्लं. हे ती मले बसमध्ये सांगत होती. अन् मंग तिनं विचारलं, “दादा, तुमचा गुडघा खरंच दुखावला होता का?” मी खिडकीबाहीर पाहिलं. तिले समजलं. पूर्ण रस्ता ती माहा हात धरून होती, लहान होती तशी.

तू जसा उभा राहिला तसं मले बी कधी जमलं नाही. हे मी मामा म्हनून नाही, नाच्या म्हनून लिहून राहिलो.

रुपराव


महाल, नागपूर
२३ एप्रिल १९७४

ती. मामांना नमस्कार.

परवा रविवारी इथल्या एका टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला ‘अभ्रक’ दाखवला. तुम्हाला ताप होता म्हणून येता आलं नाही, त्याची हळहळ सगळ्यांना आहे. टॉकीज भरून लोक बाहेर उरले, म्हणून मालकाने लगेच बाराचा दुसरा खेळ ठेवला. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी सिनेमा कलकत्त्याला आणि मुंबईला दाखवायला मागितला आहे. आम्हाला जबलपूर, रायपूर, भोपाळहून कार्यक्रमाची बोलावणी आली आहेत. पण मला हे सांगायचं नाही.

बाबा आले होते.

आईने आणलं. चार महिने त्यांनी मला पत्र लिहिलं नव्हतं. ते मधल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले आणि मी मागे भिंतीशी उभा राहिलो. शेजारी बसायची माझी हिंमत झाली नाही. सिनेमा चालू असताना मला त्यांची मान तेवढी दिसत होती. शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर लोक हसतायत, ओरडतायत, आणि मी उभा. मग श्रीधरने मध्येच प्रेक्षकांचे चेहरे दाखवले आहेत. ते त्याने मला आधी दाखवले नव्हते. त्यात आई दिसली. पडदाभर. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवते आहे आणि रडते आहे.

खेळ संपला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबा बसून होते. मी जवळ गेलो तेव्हा ते आईला म्हणत होते, “तू मले रामटेकले जातो म्हटलं होतं.”

“रामटेकलेच गेली होती,” आई म्हणाली. “तिथूनच नागपूरची बस भेटते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दुसरा खेळ किती वाजता आहे?”

“बाराला.”

“तुमी जा जेवाले. मी बसतो.”

ते एकटे बसले आणि पुन्हा सगळा पाहिला. बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं चहाच्या टपरीवर उभे राहिलो. ते बशीत फुंकत राहिले. मग म्हणाले, “ते उभं राहनं. काही न बोलता. ते कोनी शिकवलं?”

“मामांनी.”

“मले वाटलंच.” चहा संपला, तरी कप हातातच होता. “लगनाच्या आधी मंडईत मी त्याले पाहिलं होतं. तो बी असाच उभा राहिला होता. मंग नाचला. चंद्रभान, मी त्या दिवशी जेवलो नाही. इतकं मले ते आवडलं होतं. दुसऱ्याच्या समोर मी कसं म्हनू का लुगडं नेसलेला मानूस मले आवडला? म्हनून मी त्याले बंद केलं.”

त्यांनी कप ठेवला, टोपी घातली आणि माझ्या अंगातल्या चंदेरी कोटाच्या बाहीवर बोट फिरवून पाहिलं. “चांगलं शिवलं आहे,” म्हणाले.

तुमच्याकडे येतील असं वाटतं. कधी ते सांगितलं नाही.

चंद्रभान


हिवरा
१८ नोव्हेंबर १९७४

चि. चंद्रभान, आशीर्वाद.

तू कलकत्त्याले पोचल्याचं कार्ड भेटलं. चार हजार मानसाईसमोर गायला हे मामीले वाचून दाखवलं, तिनं शेजारच्या तीन घरी सांगतलं. बी. कॉम. पास झाल्याचे पेढे तुह्या बापानं पूर्ण हिवऱ्यात वाटले होते, ते तुले ठाऊक नसंल.

आता इथलं सांगतो. चंपतराव मिरगाच्या आधी एकदा आला होता, पन नुसता बसून गेला. पोळ्याले आला, तवा बी बोलला नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी प्रयागले घेऊन तिसऱ्यांदा आला. मी गोठ्यात होतो. तिथीच आला अन् म्हने, “रुपराव, उद्या मंडई आहे.”

म्हटलं, “हो. मी पलीकडच्या शिवारात जाऊन राहिलो, तन कापाचं आहे.”

“तन राहू द्या,” तो म्हने. “तुमी मले जो शब्द देल्ला होता तो मी घ्यायले नोको होता. मले उद्या तुमाले पाहाचं आहे.” अन् असं म्हनून तो माह्या गायीच्या गळ्यात हात घालून उभा राहिला, तोंड लपवून. दोघं बुढे गोठ्यात तसेच उभे होतो. मंग प्रयाग आली अन् म्हने, शेन काढा नाही त बाहीर या.

मी एकोनपन्नास वर्षांचा झालो. माह्या वेळचा शाहीर मेला, ढोलकीवालाही मेला. डफवाला तेवढा जिवंत आहे, त्याच्या पोट्ट्यानं ढोलकी धरली. लुगडं प्रयागनं नेसवलं. तोंड माहं मीच रंगवलं, तीन हात, अर्धा घंटा, घाई केली नाही. दुपारी दोन वाजता मंडईच्या मैदानात गेलो. पाच-सहा गावचे लोक होते. नव्या पोट्ट्यायले मी कोन ते ठाऊक नोतं, ते हासले. म्हाताऱ्यायले ठाऊक होतं, ते हासले नाही.

मी उभा राहिलो. मागचा मानूस पाहाले लागलो, त सगळ्यात मागं तुहा बाप उभा. त्याले पुढं जागा ठेवली होती, तो मुद्दाम मागं गेला होता. तो हालला नाही, मी हाललो नाही. मंग त्यानं मान हालवली अन् डफ वाजला.

चंद्रभान, मले भीती होती का पाय विसरले असतील. पहिल्या फेरीतच समजलं, ते बावीस-तेवीस वर्षं माह्यापासून चोरून तालीम करत होते. गिरकी घेतली त मैदान उठलं. बाया खांद्यावर लेकरं घेऊन उभ्या झाल्या. लोकायनं पाच वेळा ‘पुन्हा’ म्हटलं, मी पाच वेळा पुन्हा नाचलो. तुहं अभ्रकाचं गानं बी डफावर घेतलं, अन् पूर्ण मंडई ‘गाव विचारा’ म्हनून राहिली होती. तुहा बाप बी म्हनत होता, सुरात नाही, पन मोठ्यानं.

शेवटी डफवाल्याचे हात सुजले म्हनून थांबावं लागलं. मी थकलो नोतो. आता तीन गावचं बोलावनं आहे, बुधवारी पहिल्या गावाले निंघतो, म्हनून पुढचं पत्र उशिरा येईन.

तुझा मामा,
रुपराव
नाच्या, हिवरा